आईच्या मिश्रीपायी

अहो, माझं वय बघा की! हे टक्कल बघा, ह्या पांढऱ्या मिशा बघा... एक्कावन्न चालू आहे, एस.टी.त क्लार्क आहे, आणि तुम्हाला सांगतो, त्या नव्या मार्टमधल्या पोरीनं मला मिश्रीची डबी दिली नाही! मला नको होती हो, आईला हवी होती. आई माझी, बजाबाई, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सांगोल्याहून आणलेली. सकाळी दाताला ती भाजक्या तंबाखूची पूड लावल्याशिवाय चहाला शिवत नाही, आणि डबी संपलेली! "मिश्री न्हाय मिळत तसल्या गावात मला डोळं बी नगं. सांगोल्याची गाडी कवा हाय?" लई विनवण्या करून आणलेली बाई... आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन! कोपऱ्यावरची शरणप्पाची टपरी तर रस्ता रुंद करताना उठवलेली. म्हणून मार्टात गेलो. मागं आमची सृष्टी, दहावीतली, वह्या घ्यायला.

काउंटरवरची पोरगी अगदी गोड आवाजात म्हणते, "सर, सोबत अठराच्या आतलं कोणी असलं की आम्ही तंबाखूचं काही देत नाही." अगं, पण घेतंय कोण? माझं वय बघा की! "ते दिसतंयच की, सर." दिसतंयच! बरं, सृष्टीला बाहेर पाठवलं, तर आतून मॅनेजर आला, सुबोध नावाचा, गळ्यात पट्टा. "आता आम्ही पाहिलं ना, सर. बाहेर जाऊन तुम्ही मुलीलाच दिली तर?" पोटच्या पोरीला मिश्री लावायला देणारा बाप... मी? आणि दाराबाहेरून सृष्टी, "पप्पा, ओरडू नका ना, माझ्या वर्गातली पोरं बघतायत!"

घरी आलो तर आई पिशवी भरून दारात! म्हटलं, आई, चल, तुझी मिश्री तूच घे. रिक्षा केली. या खेपेला सृष्टीला आधीच पायरीवर उभं केलं आणि आईला मी हाताला धरून आत नेलं. पोरगी म्हणाली, "आजी, सोबत लहान मूल नाही ना?" मनात म्हटलं, सुटलो!

आणि आई... दिसत नव्हतं तिला, चाचपत माझ्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हणते, "हाय की! ह्ये काय माजं लेकरू. सकाळधरनं उपाशी हाय गं माज्यापायी."

अहो, माझं वय बघा की, असं म्हणायला तोंड उघडलं, तोवर... अख्खी रांग हसायला लागली. सुबोधनं दाराकडं हात केला. "नियम आहे, सर." गेलो. सृष्टीनं सरकून पायरीवर जागा दिली.

मी बाहेर गेल्यावर आईला मिश्री मिळाली, ऑपरेशनही नीट पार पडलं, त्याची तक्रार नाही. पण त्या वेळी ती पोरगीच आईला हाताला धरून बाहेर घेऊन आली, आणि आईनं मुठीतून दोन लिमलेटच्या गोळ्या काढल्या. एक सृष्टीला... एक मला.

काय करता... खाल्ली!