ये म्हणला होता

न्हाई, न्हाई, अडवलं म्हणून मी बोंबलायलोय असं त्यानं म्हणूच नये. बन्सीधरला म्हणावं, अडवणं कशाला म्हणत्यात ते आश्रुबाला शिकवू नको — तुला कासरा धरायला कुणी शिकवलं ते आदी आठव. गुरुजी, तुमी बसा, उठू नका, च्या संपला तरी बसा, मला तुमच्याशीच बोलायचंय. त्यो तिकडं पारावर बसून सगळ्या गावाला सांगायलाय, की आश्रुबाला हार पचना, त्यानं मागून धडक घातली. मागून. म्या.

आता तुमी साळंतले मास्तर, परगावचे, तुमाला शंकरपटातलं काय कळणार — न्हाई, कळतंय, कळतंय, दरसाली पिंपरणीच्या वळणावर निशाण घेऊन तुमीच तर उभे राहताव. तरी ऐका. पुढं असल त्यानं अडवावं. अडवायचंच असतंय, त्याबिगर छकडा पळवायचा कशाला, घरी वैरण टाकीत बसावं. आपली चाकोरी धरली, सरळ हाकलं, मागचा येईना का झक मारत बाहेरून — कुणी नाव ठेवत न्हाई. म्या त्याला असं लय येळा अडवलंय, त्यानं मला अडवलंय, आन् सांजच्याला एका ताटात जेवलोय. पण मागच्याच्या बैलाचं तोंड पुढच्याच्या चाकाला लागलं, मागच्यानं "आलो" म्हणून हाळी दिली, की पुढच्याला दोनच गोष्टी. गप बसला — वाट न्हाई, मागच्यानं कासरा वढावा. "ये" म्हणला — मंग छकडाभर जागा सोडायची, सोडायचीच, हरला तरी बेहत्तर. हे कागदावर न्हाई कुठं. कागुद वाचायला तितं येळ कुणाला हाय. जबान हाय नुसती.

म्या हाळी दिली. वळण आलतं, धुरळा उडायलाय, आमच्या चित्र्याचं तोंड बराबर त्याच्या चाकापाशी. म्या कासरा वढायच्या बेतातच होतो, देवाशपत, दोन्ही हात मागं आलते — आन् त्यो म्हणला, ये. म्या कासरा ढिला सोडला. सोडला, आन् त्यानं छकडा सरळ माझ्या अंगावर आत घातला. आख मोडला. चित्र्या चरात. गुडघा सोलून निघालाय बिचाऱ्याचा, हळद भरलीया, कवापसून वैरणीला तोंड लावना, माझ्याकडं बगना — त्याला काय सांगू, की मेव्हण्यानं जबान दिलती म्हणून तुला तितं घातलं?

पंच म्हणले, ये म्हणल्याची गवाही कोण देतंय. म्या म्हणलं, गुरुजी. हात लांब केला तर लागावं इतक्या जवळ होताव तुमी. आन् तुमी काय म्हणलाव — हलगी वाजत होती, कायबी ऐकू आलं न्हाई. झाला फैसला. आता दिवस मावळायच्या आत मानाचा फेटा त्याला, आन् माझी जोडी पटातून कायमची बाद. मागून धडक घालणारी जोडी म्हणून चित्र्याचं नाव लाउडस्पीकरवर घेणार हैत.

हलगी तिकडं लांब देवळापाशी होती, गुरुजी. बरं, ऱ्हाऊ द्या. त्याच्या माडीवर राहताव तुमी, त्याच्या घरचं दूध येतंय तुमाला, मला काय दिसत न्हाई? म्या काही म्हणलं का? म्या काहीच म्हणलं न्हाई.

घरी विमल रडायली. माझी बायकू हो, त्याची थोरली बहीण. तिनं कुणीकडं बघावं? आमच्या हेमाच्या लग्नात मामाचा फेटा धुतल्यावर फिका पडला — कापडानं रंग सोडला, त्यात माझा काय दोष — तर म्या मुद्दाम हलका बांधला असं म्हणून ह्यानं अबोला धरला. तवापसून एक शबुद न्हाई. मानवतच्या बाजारात समोरासमोर आलो तर बैलाशी बोलायचा, माझ्याशी न्हाई. आरं, फेटाच पाहिजे होता तर मागायचा, पाच बांधले असते एकावर एक. इतक्या सालानं त्याच्या तोंडातून माझ्यासाठी पहिला शबुद निघाला त्यो हा. ये. आन् मी — आता तुमाला म्हणून सांगतो, भाईर बोलू नका — माझे हात काही पटाच्या शिरस्त्यानं ढिले पडले न्हाईत. मला वाटलं, सुटला अबोला. आता घरी जाऊन विमलला सांगावं, तुझा भाऊ बोलला म्हणून. तेवढ्यात तर —

काय? काय म्हणलाव?

न्हाई, न्हाई, पुन्हा म्हणा. "ये दाजी" ऐकल्यावर कुणाचेबी हात ढिले पडतील — असंच म्हणलाव नव्हं आत्ता?

दाजी कुठनं आणला, गुरुजी?

म्या पंचाला नुसतं "ये" सांगितलं. विमललाबी "ये"च सांगितलं. लाज वाटली मला — एवढा बाप्या मानूस, मेव्हण्यानं दाजी म्हणलं की पाघळला, हे चारचौघांत कोणत्या तोंडानं सांगावं. ते दाजी त्याला ठाऊक आन् मला ठाऊक. तिसरं तितं कोण होतं? पिंपरणीचं झाड. आन् तुमी. आन् तुमाला तर हलगी ऐकू येत होती.

कप खाली ठिवा. चपला घाला. पंच पारावरच हैत, बन्सीधरबी हाय — चला, आन् तितं समद्यांसमोर मोठ्यानं सांगा त्यो काय म्हणला ते. दाजीसकट सांगा.