घरी राहाची सवय

आमचं मूळ गाव भिवापूरकडे. बापाचं मिरचीचं वावर होतं, खानारे भल्ले अन् वावर एवढंसं, म्हनून मी मिसरूड फुटाच्या आधीच ट्रकवर चढलो ते चढलोच. आधी क्लीनर, मंग ड्रायवर. फिरत फिरत वाडीले आलो, इथं अमरावती रोडले गोडाऊनच्या मांगे किरायाची खोली घेतली, अन् मंग हे दोन खोल्यायचं घर बांधलं. बांधलं म्हनजे पायलच्या मायनं बांधलं, म्हनजे माह्या बायकोनं. मी तवा रायपूरले होतो का हैदराबादले, आता आठवत बी नाही. मी आलो तं पत्रे चढून होते.

तुमी घरी भेटाले आल्या म्हनून सांगतो ताई, ड्रायवरचं घर कसं राहते. आला, आंघोळ केली, जेवला, झोपला, उठला अन् गेला. माहा सारा जलम तसाच गेला. माह्या घरात मीठ कोन्या डब्यात राहते ते मले मालूम नव्हतं, पन विजयवाड्याच्या रोडनं कोन्या ढाब्यावर भाजीत मीठ जास्त पडते ते मालूम होतं. पायल आमची एकच पोरगी, ते चालाले कवा लागली ते मी पाह्यलंच नाही, एक डाव घरी आलो तं पोट्टी पयतच माह्या अंगावर आली.

अन् सारे म्हनत, रोडवरचा मानूस, याचा काय भरोसा. लगनाच्या वक्ती सासूबाई रडल्या होत्या का ड्रायवरले पोरगी देऊन राहिलो आपन, तिचं कसं होईन. मंग हिनं काय केलं, हिनं सारं शिकून घेतलं. मी मेल्यावर जे जे करा लागन ते सारं. बँकेत जाये, लाइटबिल भरे, घराचा टॅक्स भरे, पोट्टीच्या शाळेत मिटिंगले जाये, पान्याची मोटर बिघडली तं माहाच पाना घेऊन खोलून बसे. अन् हासत हासत म्हने, तुमी गेले तं माहं काही अडत नाही हो. मी बी हासो. खरं सांगतो, मले बरं वाटे ते आयकून, रोडवर जीव हलका राहे. अन् झालं काय, तं तेच गेली. मी काही शिकलोच नव्हतो. ते जाईन याची तयारी कोनी केलीच नव्हती, तिनं बी नाही अन् म्या बी नाही.

गेली पन कशी पाहा. मी घरीच होतो. गाडी गॅरेजले लागली होती, इंजिनचं काम होतं, म्हनून घरी. सकाळी चहा ठेवला तिनं, म्हने छातीत कसंतरी होऊन राहिलं. मी चपला घालोस्तोवर ते भिंतीले टेकून बसली. ऑटोत घातलं, पायल संगं, मी पुढं बसून ऑटोवाल्याले गल्ली दाखवून राहिलो, अन् डाक्टर म्हने का रस्त्यातच गेली. सारा जलम रस्त्यावर मी राहिलो अन् रस्त्यात ते गेली. याले काय म्हनाव सांगा.

अग्नी मीच देल्ला, पोरगा नाही मले. मंग ज्यानं अग्नी देल्ला त्यानं तेरवी होईस्तोवर घर सोडाचं नाही, खाली झोपाचं, घरात चूल पेटवाची नाही, आजूबाजूचे जेवन आनून देतात तेच खाचं. ज्यानं त्यानं यावं अन् म्हनाव, सुधाकर भौ, आराम करा. ज्याची गाडी चालवो त्या सेठचा फोन आला, सुधाकर, आराम कर, गाडीची फिकर करू नको. आता आराम म्हनजे काय ते तरी सांगा न कोनी. मले बसून बसून मुंग्या येत. झोपलो तं झोप नाही, बिछाना हालत नाही न. माहं अंग तिकडं हालत्या केबिनीत झोपाले शिकलं, इथं फरशी अशी मुकाट पडून राहे अन् मी टक्क जागा.

तुमाले मालूम नसन, ड्रायवर सकाळी उठला का हातात दांडा घेते अन् एकएक टायर ठोकून पाहते, आवाजावरून समजते हवा किती आहे ते. तर मी तो दांडा घेऊन घरातच फिरो. पान्याच्या ड्रमले ठोको, गव्हाच्या कोठीले ठोको, सिलिंडरले ठोको. सकाळी ठोको, दुपारी ठोको. कोनी भेटाले आलं तरी माहा एक हात ड्रमवर. एक दिवस पायल चिडलीच. बाबा, भरलेलंच आहे न ते सिलिंडर, म्हने, कोनी सैपाक करते का इथं?

खरंच होतं ते. तेरवी झाली, सोयरे गेले, मनाई कोनाची राहिली नाही, तरी गॅस कोनी पेटवे ना. मायच्या ओट्याजवळ जाले पायलचा पाय उठे ना, अन् मले ते काही येतच नव्हतं. मेसचा डबा येये. ते तिच्या कोपऱ्यात बसून खाये, मी माह्या. पायल नर्सिंग शिकते, तिचं कालेज सुरू झालं, ते गेली का मी कडी घालून निघो अन् सीधा ट्रकच्या अड्ड्यावर. गाडी उभीच होती माही. केबिनीत चढो अन् सीटवर आडवा होवो, तं अशी झोप लागे म्हनता.

तेवढ्यात मोरेश्वर आला, माहा साळा, उमरेडले राहते. मानूस वाईट नाही, बहिनीसाठी लय रडला तो. आमच्यात असं आहे ताई, घरात गमी झाली, म्हनजे कोनी गेलं, तं लगन वर्साच्या आत उरकून टाकाचं, नाही तं मंग तीन वर्सं थांबाचं. तो म्हने, भाऊजी, कुहीचं स्थळ आहे, चांगलं वावर आहे त्यायचं, यंदाच करून टाकू. घरात बाईमानूस नाही, तुमी रोडवर, जवान पोरगी एकटी कशी राहीन. म्या इचारलं, तिचं शिक्षन? तर म्हने, लगन झाल्यावर पाहतीन ते.

आता तुमच्यापाशी लपवू कशाले, मले बरंच वाटलं. लगन झालं का मी मोकळा, दार बंद केलं का रोड माहाच. म्या म्हनलं, पाहू. त्या पाहूचं त्यानं हो करून टाकलं, अन् येत्या रविवारी पाहुने येतीन म्हनून सांगून गेला. पायल आत होती, तिनं सारं आयकलं, अन् मेसचा डबा घासून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी केबिनीत पडून होतो तं कोनीतरी दरवाजा वाजवला. पाहतो तं पायल, कालेजच्या पांढऱ्या कपड्यात. वर चढली अन् क्लीनरच्या जागेवर बसली. एवढी मोठी झाली पन माह्या गाडीत ते कवा बसलीच नव्हती. मले वाटलं भांडन. ते समोरच्या काचेकडे पाहत राहिली अन् म्हने, बाबा, मी लगनाले नाही म्हनत नाही. एक खरं सांगा, तुमी घरी राहसान का?

म्या म्हनलं, राहीन म्हनतो माय, पन मले घरी राहाले येतच नाही.

ते म्हने, माय नाही तं मले तरी कुठं येते?

मंग आमी दोघंही रडलो. तेरवीपर्यंत लोकायसमोर रडलो होतो, पन ते रडनं लोकायचं होतं, हे आमचं होतं.

उतरताना म्या केबिनीतला स्टोव्ह काढला अन् गंज, म्हनजे पातेलं, बाहेर काढला, रोडवर ज्याच्यात सैपाक करो तो. ओट्यापाशी उभं राहून मले जमत नाही, म्हनून आंगनात उकिडवा बसलो अन् ड्रायवरची भाजी टाकली. आलू, टमाटे, कांदा, जे हाती येईन ते एकाच गंजात, अन् वरून भिवापूरचं तिखट. पायलनं चाखलं, म्हने, बाबा, भल्लं तिखट केलं हो, अन् पुन्हा वाढून घेतलं. भाजीसंगं खाले काहीच नव्हतं. मंग ते उठली, आत गेली, जराशी उभी राहिली असन, अन् मले गॅस पेटल्याचा आवाज आला. तिनं पोळ्या टाकल्या. आमी एका जागी बसून जेवलो.

रविवारी पाहुने आले. म्या त्यायले मानानं बसवलं, चहा पाजला अन् हात जोडून सांगतलं, पोरीचं शिक्षन झाल्याशिवाय लगन नाही, तीन वर्सं थांबा लागलं तं थांबू. मोरेश्वरचं तोंड उतरलं. तो म्हने, अन् तोवर तिच्याजवळ कोन राहीन? म्या म्हनलं, मी. पाहुने बिचारे बशीत पाहून राहिले. मोरेश्वर म्हने, तुमी? कवापासून? अजून बोलत नाही तो माह्यासंगं चांगला. बोलन कवातरी, मामाच आहे तो तिचा.

सेठले जाऊन सांगतलं का लांबची लाइन बंद. तो म्हने, येडा झाला का गा? मंग त्यानंच लहान गाडी देल्ली, छोटा हत्ती म्हनतात न ते. कळमन्याच्या मार्केटातून माल उचलाचा, वाडीच्या गोडाऊनले टाकाचा, सांजेले घरी. अड्ड्यावरचे चिडवतात, चौदा चाकाचा मानूस चार चाकावर आला. म्हना म्हनतो, काय म्हनाचं ते म्हना.

पन सवय झाली असं काही म्हनत नाही मी. कुठं झाली? आता बी तुमच्यासंगं बोलून राहिलो अन् मन तिकडं रोडवर आहे. मांगून ट्रक जाते तं आवाजावरून समजते मले का भरून चालला का खाली, अन् कुठं चालला असन म्हनून जीव मांगं मांगं जाते त्याच्या. पाय वळवळतात नुसते.

आज सुट्टी आहे माही. पायलची कालची रातची ड्यूटी होती, सकाळी आली अन् पडली, आतच आहे ते, अजून उठली नाही. मले आता आता समजलं ताई, मी रोडवर राहो तवा ह्या दोघी मायलेकी दिवसा बी कडी घालून झोपत, अन् कडीत लाटनं अडकवत. इतकी वर्सं, अन् मले कोनी सांगतलं नाही. आज आली तं म्या सवयीनं दार लोटाले गेलो, तं झोपेतच म्हने, राहू द्या बाबा, तुमी आहा न. अन् दुसऱ्या मिनटाले घोरत होती. तवाचा मी इथं पायरीवर बसून आहो. कितीक डाव वाटलं का अड्ड्यावर एक चक्कर मारून याव. उठलो नाही.

झोपू द्या पोट्टीले. सुखी राहो माय माही. तुमी निघाच्या तं निघा ताई, जरा हळू जा, अन् दार लोटू नका, उघडंच राहू द्या.