मशीनचा हार

नाय नाय, उठू नका मावशी, बसा — वॉचमननं तुम्हाला बरोबर माणसाकडंच धाडलंय. सारजा मोकासेची चौकशी करायचीय ना? पिशोरच्या काकासाहेब मोकासेची पोरगी, कंपनीत कशी राहती, कोणासंगं येती, कोणासंगं जाती? मग सारजापेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार? आवो, ओळखलं नाय का? तेव्हा मी साडीत होते, आता हा निळा कोट हाये अंगात, पण तोंड तेच हाये. पाहायला आलतात तेव्हा तुम्हीच मला सुईत दोरा ओवायला लावला होता, जनार्दनच्या द्वारकामावशी तुम्ही. मी विसरते व्हय? एका दमात ओवला होता दोरा, तरी तुमच्या कपाळावरची आठी काय गेली नाय. — ए, दोन चहा दे रे इकडं, माझ्याकडून. — घ्या. चौकशीला आलेल्या माणसाला उन्हात कोरडं बसवायची आमच्याकडं रीत नाय.

आता तुम्ही म्हणणार, काय नाय गं, बहिणीकडं आले होते, जाता जाता डोकावले. राहू द्या. चिकलठाण्याच्या या रस्त्याला कंपन्या हायेत आन् भिंती हायेत, इथं जाता जाता कोणी डोकावत नाय. फकिरानं सांगितलं ना तुम्हाला? पिशोरचाच आमचा, शेताला शेत लागून. आन् त्यानं काय सांगितलं तेबी मी सांगते, तुम्हाला तोंड उघडायचे कष्ट नकोत — का काकासाहेबाची सारजा गुलमंडीच्या बाजारात भर गर्दीत टेम्पोत बसलेली, गळ्यात झेंडूचा हार, कपाळभर कुंकू, आन् शेजारी मुसलमान. झालं लगीन पोरीचं, बापाला पत्ता नाय. असंच ना? बघा, चहाचा ठसका लागला तुम्हाला.

खरंय ते. व्हय, खरंय! हार होता, कुंकू होतं, टेम्पो होता, शेजारी टेम्पोवाला हबीबभाई होता. फकिरा काका खोटं बोलला नाय, जेवढं दिसलं तेवढं बोलला. माझ्या बापाचा निरोप आलाय, टेम्पोचं नावच काढू नको, कंपनीच्या गाडीत मॅडम शेजारी होती म्हण. आईनं तर तिसरंच पढवून ठेवलंय, ती मी नव्हतेच म्हण. कशाला म्हणू? मीच होते. मॅडम-बिडम कोणी नाय तिथं.

तुम्ही ऐका आता. तुम्ही ऐकायलाच आलात ना, मग फकिराचं ऐकलं तसं माझंबी ऐका. मी इथं अप्रेंटिस हाये — मशीनवाली नाय, कॉमर्सवाली. मशीनवाले ते आयटीआयचे पोरं. आम्हाला धंद्याकडचं शिकवतेत, आज खरेदीत, मग स्टोअरला, मग हिशेबात, कुठंच बूड टेकू देत नाय. मी सध्या खरेदीत हाये, तिथलीच ही गोष्ट. खरेदी म्हणजे तुम्हाला वाटंल खुर्चीत बसून फोन करायचा. फोन साहेब करतो. छोट्या वर्कशॉपवाल्यानं वेळेवर माल दिला नाय तर अप्रेंटिसला पिटाळायचं, त्याच्या शेडीत जाऊन बसायचं, माल हातात पडल्याबिगर उठायचं नाय. नुसतं बसायचं. समोर बसलेल्या माणसाला पाहूनच कामाला जोर चढतो म्हणतेत. तुम्ही माझ्या घरी बसला होतात ना पोहे येस्तोवर, तसंच.

साहेब आमचा नवा, लांबचा, तिकडं उत्तरेकडचा. त्यानं काय केलं — दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गिअरबॉक्सची जोडणी सुरू करायची ठरवली, आन् त्यात लागणारे पितळी बुश आदल्या... थांबा, बुश म्हणजे काय ते तुम्हाला कसं कळणार. हे बघा. हे. हातात घ्या, चावत नाय. जाड अंगठी म्हणा, फिरत्या दांड्याला घासू देत नाय, एवढंच काम त्याचं, पण ते नसलं तर अख्खी पेटी मुकी. असे बुश त्यानं नवमीच्या संध्याकाळी मागवले. कॅलेंडरात दसरा लाल रंगात असतो, नवमी नसती ना! त्याला काय ठाऊक खंडेनवमीला एकदा पूजा झाली का मशीनला कोणी हात लावत नाय, दसरा होस्तोवर. आन् दसऱ्याला कोण काम करतंय? आपल्याकडं शेंबडं पोरबी सांगंल. पण साहेबाला सांगायला तिथं होतं कोण? कायम नोकरीवाले सगळे सणाला दुपारीच पांगले. राहिली मी. जा, म्हणला, माल घेऊनच ये, नायतर जोडणीवाले सगळे हातावर हात धरून बसतील आन् नाव तुझंच निघंल. माझं! ठरवलं त्यानं आन् नाव माझं.

तर गुलमंडीच्या मागं एका गल्लीत चांदपाशाची शेड हाये, तिथं गेले हबीबभाईच्या टेम्पोत. बघते तं लेथ मशीन, पितळ कातायची ती, धुऊन पुसून ठेवलेली, हळद-कुंकू लावलेलं, झेंडूचा हार घातलेला, समोर नारळ फुटलेला. काय म्हणता? मुसलमानाच्या शेडीत खंडेनवमी? व्हय, दरसाल. नारळ चांदपाशा स्वतः आणतो, फोडतो त्याचा कारागीर, सांडूमामा. बुश सगळे झालेले, फक्त आतून शेवटचा हात फिरवायचा राहिलेला. मी म्हणलं, मामा, तेवढं करून द्या. सांडूमामा म्हणला, पूजलेल्या मशीनला मी हात लावत नाय, माझा बाप लावत नव्हता. मग मी चांदपाशाकडं वळले, चाचा तुम्ही तरी. तर तो काय म्हणला माहितीय? म्हणला, "बेटा, मैं हात लगाया तो कल अख्खी गल्ली बोलेंगी, चांदपाशा पूजा मोड़ दिया. तू मेरेकू मारने कू आई क्या?" आन् खरं होतं त्याचं. एक हिंदू हाये म्हणून हात लावत नाय, दुसरा मुसलमान हाये म्हणून हात लावत नाय, मशीन मधे नवरीवाणी सजून बसलेली, आन् बाहेर गुलमंडीत सगळं जग कापडं आन् फुलं घ्यायलंय.

मग मी काय केलं? — मला आई आठवली. मनकर्णाबाई, पाहिलीत ना तुम्ही, बोलत नाय जास्त. खंडेनवमीला आमच्याकडं विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, सगळं मांडून पूजा होती. पण संध्याकाळी म्हशी वैरणीला ओरडायला लागल्या का आई गपचूप यायची, विळ्याला नमस्कार करायची, फूल बाजूला सारायची आन् जायची बांधाला. बाप खेकसायचा, अगं आजच्या दिवस तरी! आई म्हणायची, म्हशीला सांगा नवमी हाये म्हणून. बस, एवढंच म्हणायची. तिच्या हातून देव काय कोपला नाय कधी, म्हशीबी दूध देत राहिल्या.

तसंच केलं मी. मशीनला डोकं टेकवलं — त्याचं ते कुंकू, कपाळभर, फकिराला दिसलेलं. हार काढला. आता काढला तर ठेवायचा कुठं? खाली सगळं तेल आन् पितळेचा कीस, खिळ्यांना हत्यारं टांगलेली. पूजेच्या हाराला जमीन लागू द्यायची नाय, एवढं तर मलाबी कळतं. गळ्यात घातला. दुसरी जागाच नव्हती मावशी, माझ्या मानेशिवाय तिथं स्वच्छ काय नव्हतंच! आन् बटण दाबलं. मशीन फिरायला लागली, पण काय करायचं पुढं ते कोणाला येतंय? मी कॉमर्सवाली. तेवढ्यात सांडूमामा ओरडला, "बाजूला हो पोरी! त्यात बोट गेलं तर दसऱ्याला आपटा कोणच्या हातानं देशील?" आन् घेतलं की मग त्यानंच पुढं काम. म्हणला, मी सुरू नाय केली, चालू मशीन दिसली म्हणून उभा राहिलो. चांदपाशा दाराकडं तोंड करून बसला, मी तर पाहिलंच नाय म्हणला. सगळ्यांनी आपापला धरम सांभाळला. मोडला असंल तर मी एकटीनं, आन् मला त्याचं कायबी वाटत नाय.

दिवे लागले तेव्हा माल झाला. मी हार परत घालायला गेले तर सांडूमामानं अडवलं. उतरलेला हार परत चढत नाय म्हणे, विहिरीत सोड कुठंतरी. त्यानं दुसरा आणला. मग हा राहिला माझ्या गळ्यात. हातात माझ्या खोकं, रस्त्यात आदळंल म्हणून मांडीवर घेतलेलं, हार काढू कोणत्या हातानं? आन् गुलमंडीत टेम्पो असा अडकला, पुढं हातगाडा, मागं रिक्षा, चहूकडं माणसंच माणसं. तेव्हा दिसला फकिरा काका, कापडाच्या दुकानाच्या पायरीवर. मीच हाक मारली त्याला! काय समजलात तुम्ही, त्यानं मला पकडलं? मीच "फकिरा काका" म्हणून ओरडले, आईला निरोप द्यायचा होता, दसऱ्याला येणं होत नाय म्हणून. सण होता मावशी. घरची आठवण येत होती. त्यानं बघितलं माझ्याकडं, नीट बघितलं, आन् तोंड फिरवून दुकानात शिरला. लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून जत्रेला गेलेली मी. लई लागलं मला ते. त्या रात्री वच्छलाबाईच्या, म्हणजे मी राहते त्या मालकिणीच्या अंगणात बसून — जाऊ द्या. रडले-बिडले नाय. जाऊ द्या ते.

साहेबानं शाबासकी दिली का? दिली की. म्हणला, तो हार काढ, ऑफिसात शोभत नाय. आन् जोडणी वेळेवर सुरू झाली तेव्हा मीटिंगमधी म्हणला, "आपण जमवलं." आपण!

आता तुमचा खरा प्रश्न. तो तुम्ही विचारणार नाय, पण चहाच्या कपाआडून तोच बघायलात — हबीबभाई किती वर्षाचा? लगीन झालेलं हाये का? मी सांगितलं तर तुमच्या जिवाला बरं वाटंल, मला ठाऊक हाये. पण नाय सांगणार. तो पंचविशीतला असता, दिसायला राजबिंडा असता, तरी मी त्याच्याच शेजारी बसले असते, कारण माल त्याच्या टेम्पोत होता आन् कंपनीला माल पाहिजे होता. त्याचं वय माझ्या चांगुलपणाला जामीन कशाला पाहिजे?

आन् अजून एक, हे फकिरानंबी नाय सांगितलं. माझ्या बापानं तुम्हाला सांगितलंय ना, पोरगी कंपनीत कायम झाली? कायम नाय. अप्रेंटिस हाये. उन्हाळा लागला का मुदत संपती, ठेवतील का घरी धाडतील ते कोणालाच ठाऊक नाय. काकासाहेब मोकासे खोटं बोलला. वाईट माणूस नाय तो, पण पोरीचं चांगलं सांगता सांगता त्याची जीभ पुढं पळती. घ्या, आता तर मोडायला पक्कं कारण मिळालं. टेम्पोचं नाव घ्यायचीबी गरज नाय, नोकरी कायम नाय म्हणा, गावात कोणी नावं ठेवणार नाय तुम्हाला. पण मी कामासाठी परत टेम्पोत बसणार, आज बसणार, उद्या बसणार, लगीन झाल्यावरबी बसणार, आन् इथून काढलं तर दुसऱ्या कंपनीच्या टेम्पोत बसणार!

ते बुश? द्या इकडं. नाय, उगंच ठेवलंय पर्समधी. बाद झालेलं हाये, तडा गेलाय त्याला, कंपनीच्या कामाचं नाय. मागून घेतलं मी सांडूमामाकडून... तुमच्या भाच्यासाठी. म्हणजे तसं नाय हो! पाहायला आलतात तेव्हा तुम्ही सगळ्यांनी विचारलं, स्वयंपाक येतो का, पगार किती, देवाचं करते का. एकट्या जनार्दननं विचारलं, "तुमच्या कंपनीत बनतं काय?" मला तेव्हा सांगताच आलं नाय धड. घरात, गावात, इथं कोणी विचारलंच नव्हतं ना कधी. तर म्हणलं, पुन्हा भेट झाली तर दाखवू. एवढंच. हसायलात का? ठेवून घ्या मग तुमच्याकडंच. द्या त्यांना. काय सांगायचं ते सांगा, हारासगट सांगा, पण हे द्या.

— आला टेम्पो. आज मालासाठी शहरात जायचंय मला. तुम्हाला स्टँडवर जायचं असंल ना, कन्नडची गाडी धरायला? या भर उन्हात रिक्षा मिळायची नाय इथं. चला, सोडते. पुढंच बसावं लागंल, मागं लोखंड भरलंय. अहो, विचार कसला करताय? — हां, चढा. हात द्या. सरका अजून, मधे सरका, दाराजवळ मी बसते, ते दार नीट लागत नाय, धरून ठेवावं लागतं. बसलात? हबीबभाई, ह्या द्वारकामावशी, पिशोरकडच्या. — मावशी, पदर कशाला ओढायलात तोंडावर? कोणी बघत नाय. आन् बघितलंच कोणी गुलमंडीत, तर बघू द्या. उद्या कोणी तुमची चौकशी करायला आलं, तर माझ्याकडं धाडा. मी खरं ते सांगीन.

चला, हबीबभाई.