बंद कर, कोण ऐकणार आहे हे?

...आणि वर तो न्हावी मला म्हणतो, "काका, मान हलवू नका!" अहो, मान हलवू नका काय! गळ्यापर्यंत पांढरं कापड गुंडाळलेलं, अर्ध्या गालाला फेस, कानशिलाजवळ वस्तरा, आणि समोरच्या फळीवरच्या स्पीकरमधून माझाच आवाज माझ्यावर ओरडतोय, "बंद कर! बंद कर ती कटकट! कोण ऐकणार आहे हे?" मान हलवू नको तर काय करू? बरं, शेजारच्या खुर्चीतला गृहस्थ, चांगला पिकल्या केसांचा, बँकेतला साहेब वाटावा असा, तो पायानं ठेका धरून माझ्याबरोबर म्हणतोय, "कोण ऐकणार आहे हे!" कापला की हो गाल. हे बघा, अजून खूण आहे.

आता तुम्ही म्हणाल, तुमचा आवाज स्पीकरमध्ये कसा? तुम्ही काय गवई? छे हो. मी कवळ्या बनवतो. दाताचा डॉक्टर नव्हे हं, डॉक्टरला लोक निदान घाबरतात तरी. आम्हाला कोणी ओळखतच नाही. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा घेतो, तो आमच्याकडे येतो, आम्ही त्यात प्लास्टर ओततो, जबडा तयार करतो, मेणात एकेक दात बसवतो, घासतो, चमकवतो, आणि मग कुठल्या तरी अनोळखी आजीबाई आमच्या मेहनतीनं शेंगदाणे खातात. चाळीस वर्षं हेच. शांत काम आहे. ज्यांच्यासाठी करायचं त्यांची तोंडं समोर असतात, पण बोलत नाहीत. मला ते फार आवडायचं.

तर त्या खुर्चीत मी आधी माझा आवाज ओळखलाच नाही. स्वतःचा आवाज कोण ओळखतो? मला वाटलं, कोण हा रेडा केकाटतोय! मी ओळखला तो त्याच्या आधीचा आवाज. एक पोरगा भराभर बोलत होता...

"साठ दात सायकलवर, साहेब जरा सरका,
सगळ्यांना चावता आलं, मीच कसा परका?"

आणि प्रत्येक 'स' ला बारीक शिट्टी. स्स्साठ... स्स्सायकल... वरच्या पुढच्या दोन दातांत दीड मिलिमीटर फट असल्याशिवाय अशी शिट्टी येत नाही. हे मी सांगतोय, मी! त्या फटीचं माप मी स्वतः घेतलं होतं. बुजवून देतो म्हणालो होतो, फुकट. तर म्हणाला, "नको दादा, फट बुजवलीस तर आवाज कुठून येईल?"

माझा धाकटा भाऊ. जाऊन एकतीस वर्षं झाली.

आता मला सांगा, माणसानं जायचं कुठं?

तुम्हाला सांगतो, घरी आलो, गालावर कापूस लावलेला, आणि हिला म्हटलं, "अगं, असं असं गाणं लागलं होतं, त्यात आपला धाकटा बोलतोय, आणि कोणीतरी वेडा मागून ओरडतोय." हिनं फोनवर शोधलं, लावलं, ऐकलं आणि शांतपणे म्हणाली, "अहो, तो वेडा तुम्ही आहात. लग्नानंतर पहिली दहा वर्षं मी हाच आवाज ऐकलाय." मग डोळ्याला पदर लावून धाकट्याची शिट्टी पुन्हा ऐकली. मग पुन्हा. चौथ्यांदा मी उठून बाहेर गेलो, तर खालच्या मजल्यावरचा व्यायाम करणारा माणूस... तेच लावून वजनं उचलतोय! "बंद कर!" वजन वर. "बंद कर!" वजन खाली.

अहो, एकदा कानावर पडलं की मग सुटका नाही. रस्त्यात लागायचं, लिफ्टमध्ये लागायचं, बसमध्ये मागच्या बाकावरच्या दोन मुली पुटपुटायच्या. मैदानावर कार्यक्रम झाला म्हणे, तिथे माझा आवाज ओरडतो, "कोण ऐकणार आहे हे?" आणि चार हजार माणसं उत्तर देतात, "आम्हीऽऽ!" मी एकदा रागानं विचारलेला प्रश्न, एका बंद दाराला विचारलेला, आणि त्याचं उत्तर चार हजार माणसं देतायत. एकतीस वर्षांनी. ज्याला विचारला तो सोडून सगळे!

तर तुम्ही विचाराल, हे काय प्रकरण? सांगतो. धाकटा माझ्याकडेच कामाला होता. तयार कवळ्या सायकलवरून डॉक्टरांकडे पोचवायच्या, साचे घेऊन यायचे. आणि तोंड अखंड चालू. ढप् ढप्-टक्, ढप् ढप्-टक्. ओठांनी ढोल, जिभेनं झांज, सगळी थुंकी माझ्या ओल्या प्लास्टरवर! मी म्हणायचो, "अरे, हे काय?" तर म्हणायचा, "दादा, ह्याला रॅप म्हणतात." मी म्हटलं, "ह्याला आमच्याकडे बडबड म्हणतात."

मग लागायचा मला शिकवायला. कवळीवरचं मेण खरवडता खरवडता मी ऐकायचो. म्हणे, "दादा, समुद्रापलीकडे एक मोठं शहर, त्यात एक वस्ती, अर्धी घरं जळलेली, हाताला काम नाही, वाद्यं घ्यायची ऐपत नाही. मग तिथल्या पोरांनी काय केलं, घरातल्या गाण्यांच्या जुन्या तबकड्या काढल्या, दोन यंत्रं शेजारी ठेवली, आणि गाण्यातला तो नाचायला लावणारा ढोलाचा तुकडा असतो ना, तेवढाच ह्या तबकडीवरून त्या तबकडीवर, पुन्हा ह्या, पुन्हा त्या, असा संपूच दिला नाही! आणि एक जण माईक घेऊन त्यावर बोलायला लागला. आपल्या गल्लीचं, आपल्या आईचं, पोलिसाचं, भुकेचं. कोणी विचारत नव्हतं त्यांना, दादा. तर ते आपणहून सांगायला लागले."

मी म्हटलं, "म्हणजे दुसऱ्याच्या गाण्याचं उष्टं खातात!"

तर हा काय म्हणाला ठाऊक आहे? "उष्टं नाही दादा. मेलेल्या गाण्याला पुन्हा बोलायला लावतात. तू तरी काय करतोस? बोळक्या तोंडाला दात देतोस."

मला राग आला. खरं सांगू का, राग ह्याचा आला, की ते मला पटलं होतं.

त्याचा एक मित्र होता, डबा. नाव निराळं होतं, पण जे दिसेल ते वाजवायचा म्हणून डबा. दोघांनी मिळून दोन कॅसेटींचा एक टेपरेकॉर्डर आणला, आणि चार सेकंदांचा ढोल ह्या कॅसेटवरून त्या कॅसेटवर, बटण दाब, सोड, दाब, सोड, आठवडाभर बसून जोडला. आणि गाणं लिहिलं. मी म्हटलं, "अरे, दोन माणसांच्या पुऱ्या कवळ्या म्हणजे छप्पन्न दात. साठ कुठून आणलेस?" म्हणाला, "दादा, छप्पन्न ठेक्यात बसत नाहीत."

मग तो दिवस. भर दुपार. मी बाहेरच्या खोलीत, हे दोघं आत दार लावून गाणं टेप करतायत. ढप् ढप्-टक् चाललंय, आणि त्या 'टक्'ला काहीतरी वेगळं वाजतंय. छान वाजतंय हो, खोटं कशाला बोलू. माझ्या मनात येतंय, हे काय आहे बरं... आणि खाट्! फुटल्याचा आवाज. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कवळी! एका निवृत्त मुख्याध्यापिकांची वरची आणि खालची कवळी हे एकमेकींवर आपटून वाजवत होते! संध्याकाळी द्यायची होती! बाईंच्या नातीचं लग्न, बाईंना हसायचं होतं! मी धावलो, दारावर थाड थाड मुठी मारल्या आणि ओरडलो...

काय ओरडलो ते सगळं गाव नाचत नाचत सांगेल तुम्हाला.

त्या संध्याकाळी शब्दानं शब्द वाढला. मी म्हटलं, "इथे राहायचं तर हे थेर चालणार नाहीत." तो सायकल न घेता गेला. डब्याच्या घरी राहायला. चार गल्ल्या पलीकडे हो! चार गल्ल्या! मी रोज म्हणायचो, उद्या जाईन. आधी त्यानं यावं. धाकटा आहे ना तो? धाकट्यानं यायचं असतं. असे वीस दिवस. एकविसाव्या दिवशी डबा आला, दारात उभा राहिला, म्हणाला, "ताप आहे. डोक्यात गेलाय म्हणतात."

दवाखान्यात गेलो तर त्याच्या तोंडात नळी. पांढऱ्या चिकटपट्टीनं बसवलेली. तीन दिवस. डोळे उघडे असायचे कधीकधी, पण बोलता येत नव्हतं. आणि आयुष्यभर 'बंद कर, बंद कर' म्हणणारा मी, त्या खाटेशी उभा राहून काय म्हणत होतो? "बोल रे. काहीतरी चालू कर. ढप् ढप् कर." शेजारच्या खाटेवरचे आजोबा माझ्याकडे बघायला लागले.

नाही बोलला.

आता मला सांगा, माणसानं जायचं कुठं? घरी बसलं तर आतून ऐकू येतं, बाहेर पडलं तर बाहेरून. बरं, लोकांची भुतं कशी, पिंपळावर बसतात, एका जागी. माझं भूत बसमध्ये चढतं! आणि गंमत म्हणजे मेलेला एक, आणि भूत दोघांचं. त्याचं मला चालेल हो. त्याचा आवाज ऐकला की मी थांबतोच, रस्त्यात, हातात पिशवी घेऊन. पण त्याच्या मागोमाग तो दुसरा येतो, दार वाजवत. तीस वर्षांचा मी. त्याला कसं सांगू, की अरे बाबा, चार गल्ल्यांवर आहे, आजच जा!

शेवटी ही म्हणाली, "ज्यांनी केलंय त्यांना जाऊन सांगा." गाण्यात मधेमधे एक मुलगीही गाते, फोनवर तिचं नाव लिहिलेलं होतं. 'डब्याची लेक'. म्हटलं, असं आहे काय!

गेलो. रविवारी सकाळी. डब्याचं आता टायरचं दुकान आहे, वर एक खोली. मला बघितलं आणि त्याच्या हातातली हवा भरायची नळी फुस्स करत तशीच राहिली. एकतीस वर्षांत आम्ही एकमेकांना टाळत आलो, मी त्याला बघून रस्ता ओलांडायचो, तो मला बघून. वर नेलं त्यानं. खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकीला गोधडी, मध्ये माईक, आणि ती मुलगी. चोवीस-पंचवीसची. दिवसा एका दवाखान्यात पेशंटांची नावं लिहून घेते. मी ठरवून गेलो होतो, खडसावायचं. तोंड उघडलं आणि म्हटलं, "बंद कर..."

मुलीनं एकदम तोंडावर हात ठेवला. "बाबा," म्हणाली, "हेच! हाच आवाज!"

सांगा, ह्यावर माणसानं भांडायचं कसं?

मग ती म्हणाली, "काका, विचारायला यायला हवं होतं. बाबा म्हणाले, तुम्ही दारात उभं करणार नाही. पण तुम्ही पुढचं ऐकलंय का?" म्हटलं, "पुढचं कसलं?" म्हणाली, "गाण्यात तेवढाच तुकडा घेतलाय. कॅसेट पुढे चालू आहे." आणि लावली.

खरखर. ढप् ढप्-टक्. खाट्! मग मी. थाड थाड थाड. बंद कर ती कटकट. कोण ऐकणार आहे हे. मग शांत. म्हटलं, आता हा शिवी देणार. द्यायलाच हवी. आणि कॅसेटमध्ये हसू फुटलं. दोघांचं, तोंड दाबून. मग डब्याचा कोवळा आवाज, "पुसू का रे हे? सगळं वाया गेलं." आणि मग ती शिट्टी...

"पुसू नकोस. ऐक ना, दादा बरोबर ठेक्यावर आलाय. असू दे त्याला. सगळ्यात सुरेल तोच आहे स्साला."

डबा भिंतीकडे तोंड करून उभा होता. म्हणाला, "वीस दिवस रोज ऐकायचा तो हे. म्हणायचा, दादाचा राग गेला की ऐकवू. मला तुम्हाला कसं द्यावं कळेना. जितके दिवस गेले तितकं जड होत गेलं."

मी काय बोललो ते मला आठवत नाही. चहा झाला. दोनदा झाला.

आता इथं थांबायला हवं होतं की नाही? पण नाही! ती मुलगी म्हणते, "काका, जुनी कॅसेट फार खरखरते. तुमचा आवाज आहे तसाच आहे. एकदा नव्यानं ओरडाल?" मी म्हटलं, त्यात काय, आयुष्यभर तेच केलंय. पुढच्या रविवारी गेलो. कानांवर मोठे गोळे चढवले, कानात धाकट्याचं बोलणं सोडलं, शिट्टीसकट, आणि ती बोटं दाखवते, तीन, दोन, एक...

"बंद कर."

"काका, मोठ्यानं." पुन्हा. "काका, चिडून." पुन्हा. डबा सुचवतो, "ती कवळी आठवा!" मुख्याध्यापिकाबाई आठवल्या, त्यांची नात आठवली, काही उपयोग नाही. अहो, कानात तो बोलत असताना मी कसं म्हणू बंद कर? घसा तयार आहे, तोंड तयार आहे, शब्द बाहेर येतात, राग येत नाही. तेरा वेळा! तेराव्या वेळी तिनं बटण दाबलं आणि हळूच म्हणाली, "काका, हे ओरडल्यासारखं वाटत नाही. विनंती केल्यासारखं वाटतंय."

मग माझ्या कानांवरचे गोळे तिनंच उतरवले.

"राहू द्या काका," म्हणाली. "आम्ही जुनाच माणूस ठेवतो."

झालं! म्हणजे बघा, ज्या एका कामासाठी मला जग ओळखतं, त्याच कामावरून मला काढलं, आणि माझ्या जागी ठेवलं कोणाला? तर मलाच! आणि तो गाढव एक दिवस रजा घेत नाही हो.