अर्धा पासवर्ड

बालरोगतज्ज्ञाकडे गर्दी होती. गुंजनचं तापलेलं बाळ आत्ता कुठे मांडीवर झोपलं होतं, पण शेजारच्या दोघी जावांच्या, थोरल्या धुरपताच्या आणि धाकट्या आचलच्या, गप्पा थांबत नव्हत्या.

"ताई, भिंतीले छेद पाडू देला असता, तं दोन्ही कम्प्युटर वायरनंच जोडले असते."

"वाटणीची भिंत आहे ते, आचल. तुझे भासरे, म्हणजे आमचेवाले, खिळाबी ठोकू देत नाही. म्हणून वायफाय."

"धंदा एकच, अन् दोघं भाऊ दिवाळीपासून बोलत नाही. निरोप आपणच पोचवाचे."

"आता नाही पोचवाचे. सकाळी मी पासवर्ड बदलवला. आमच्यावाल्याले अर्धाच सांगतला."

"अन् मले जो देला, तो बाकीचा अर्धा? मी तं आमच्या यायले तोच पूर्ण म्हणून सांगतला."

"बरं केलं."

आचलचा फोन वाजला.

"सासूबाई आहेत. दोघं भिंतीवरून एकमेकांले गाढव म्हणून राहिले म्हणते. लवकर घरी या म्हणते."

"बोलू तं लागले! गर्दी लय आहे म्हणून सांग."

"पण पुढचा नंबर आपलाच आहे ना, ताई."

धुरपता गुंजनकडे वळली. "बाई, तुमचं लेकरू तापलं आहे. आमच्या पोराचं नुसतं वजन करायचं आहे. तुम्हीच जा आधी. अन् तुमच्या मागचे बी जाऊ द्या."