तीन आठवड्यांची भूक

नाही गं, साखरेची एकही गोळी चुकली नाही यांची — सकाळी नाश्त्यानंतर एक, रात्री जेवणानंतर एक, मी स्वतः हातावर ठेवते. तसंच लिही ना. कीर्ती ना तुझं नाव? बरं झालं बाई, एक तरी मराठी नर्स भेटली — इथे चेन्नईत, अंबत्तूरला पंचवीस वर्षं काढली, पण घाबरले की माझं तमिळ पळूनच जातं. — हे स्वतः घेतात का? यांनी जन्मात कधी गोळीचं नाव वाचलं नाही. बायकोनं द्यायची, यांनी पेपरातून मान वर न करता गिळायची.

परत परत काय विचारतेस? डॉक्टर म्हणतात, गोळी लागूच पडत नाहीये, औषध बदलायचं? अगं पण — थांब, लिहू नकोस. बस जरा. लागू पडत होती. फार लागू पडत होती! दोन महिन्यांत यांची भूकच मेली. तोंडाला लोखंडाची चव येते म्हणायचे. माझी आमटी — कारखान्यातले यांचे तमिळ दोस्त जिच्यासाठी रविवारी हटकून यायचे — ती वाटीत तशीच. चार किलो उतरले, डॉक्टर खूश. आणि मी? मुलगा पुण्याला, घरात आम्ही दोघंच, रांधायचं कुणासाठी? एक दिवस तर वाटीला हात न लावता पानावरून उठले. इतकं रडू आलं मला.

म्हणून — रागावू नकोस हं — माझ्या गुडघ्यांची कॅल्शियमची गोळी असते ना, तीही पांढरी, तेवढीच लांबट — तीच यांच्या गोळीच्या जागी द्यायला लागले. तीन आठवडे. आणि काय जेवायला लागले गं! भरली वांगी, चार-चार पोळ्या, वर पुन्हा गोड काय आहे विचारायचे. घटाघटा पाणी प्यायचे, तासाभरात परत डबे धुंडाळायचे. वाटलं, सुटलं बाई ते आजारपण. आज सकाळी स्वयंपाकघराच्या दारातच कोसळले.

अशी का बघतेस? काय — साखर चारशेवर गेली की अशीच भूक लागते? खाल्लेलं अंगाला लागतच नाही, म्हणून माणूस खात सुटतो? म्हणजे हे जे जेवत होते, ते... नाही, बोलू नकोस. काही बोलू नकोस.

जा, डॉक्टरांना बोलाव. — तू नाही सांगायचं, मी सांगते. जा म्हटलं ना!