वाटप कोणी थांबवलं

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपले सरपंच श्री. गोरक्षनाथराव, पंचायत समितीतून मुद्दाम आलेले विस्तार अधिकारी साहेब, शाळेचे मुख्याध्यापक गुरुजी, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती ग्रामसेविका मनकर्णाबाई, आणि समोर बसलेल्या माझ्या बोरमळ्याच्या माता-भगिनींनो आणि बंधूंनो,

मी कानिफनाथ नलगे. गावाला माझी ओळख करून द्यायला नको. सरकारमान्य धान्य दुकानाच्या दारात आपण सर्वांनी माझं तोंड पुष्कळ पाहिलं आहे. बाईंची बदली देवळाली प्रवऱ्याला झाली. कार्यकारी मंडळानं मला सांगितलं, पाच मिनिटं चार गोड शब्द बोला. साहेब, आपण चहा घ्यावा. पाच मिनिटांत हे होणार नाही, आणि सगळं गोडही नसेल.

बाई चार वर्षांपूर्वी गावात आल्या. बौद्ध वस्तीत खोली घेतली, आणि पहिल्याच आठवड्यात घरोघर फिरू लागल्या. हातात कागदाच्या पुड्या. दोडका, भोपळा, लाल माठ, तांदुळजा. न्हाणीच्या पाण्यावर दारात भाजी लावा, म्हणत. आपण काय केलं? कितीतरी घरांत त्यांच्या हातातून पुडी घेतली नाही. “उंबऱ्यावर ठेवा,” असं सांगितलं. का सांगितलं, ते इथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. माझ्याही घरी तेच झालं. बाई पुडी उंबऱ्यावर ठेवायच्या, बी किती खोल टोचायचं ते सांगायच्या, आणि पुढच्या दाराला जायच्या.

मग पाऊस गेला. एका साली गेला, दुसऱ्या सालीही गेला. टँकरच्या पाण्याला घागरींची रांग, आणि बाई तरीही म्हणत, वाफा करा, भांडी घासलेलं पाणी वाळूतून गाळून वाफ्याला सोडा. मी दुकानाच्या ओट्यावर बसून हसायचो. लोकही हसायचे. प्यायला पाणी न्हाई आन् बाईला भोपळा पायजे, असं मीच पहिल्यांदा म्हणालो होतो. एकदा त्यांनी मला उत्तर दिलं होतं. म्हणाल्या, “भाऊ, जे दारात उगवतं ते कुठून आलं, कुणी पोत्यात भरलं, हे विचारावं लागत नाही.” मला ते पुस्तकी वाटलं. रंगुबाईला वाटलं नाही. वाफा करणारी ती पहिली. तिच्यामागून चौदा घरं झाली.

आता गेल्या वर्षीच्या चैत्राकडे येतो.

त्या काळात दुकानात ज्वारी नव्हती. परदेशातून आलेला तांबडा मिलो यायचा, ज्वारीच्याच जातीचा. आपण तो खाल्ला, त्याची चव मी सांगायला नको. त्या दिवशी सूर्य उगवायच्या सुमारास मी नवीन पोतं फोडलं. धान्यात हात घातला, तर तांबड्या दाण्यांत काळपट, चपटं, मूत्रपिंडाच्या आकाराचं बी दिसलं. थोडंथोडकं नव्हे, मुठीगणिक पाचसात दाणे. मी ते बोटांत धरून पाहिलं.

हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. चौकशीत सांगितलं नाही, घरी सांगितलं नाही. मी ते बी पाहिलं होतं. बांधावरचा धोतरा आपण सगळ्यांनी लहानपणापासून पाहिला आहे. त्याची काटेरी बोंडं फोडून आपण खेळलो आहोत. मला शंका आली होती. पण दारात साठ माणसं उभी होती. मनात म्हटलं, सरकारनं तपासूनच पाठवलं असणार. आणि मी माप हातात घेतलं.

पहिल्या दगडाबाई होत्या. दुसऱ्या रंगुबाई. कार्डं लिहीत, तोलत दिवस वर आला, तोवर अकरा घरांना दिलं गेलं. तेवढ्यात मनकर्णाबाई आल्या. त्या रंगुबाईच्या अंगणात भोपळ्याचा वेल पाहायला गेल्या होत्या. तिथं रंगुबाई सुपात मिलो निवडत होती. सुपातलं बी बाईंनी ओळखलं. धावत आल्या होत्या, पदर सावरायचं भान नव्हतं. मुठीतलं बी माझ्यापुढं धरलं आणि म्हणाल्या, वाटप थांबवा, हा धोतरा आहे.

मी काय म्हणालो ते रांगेतल्यांना आठवत असेल. मी म्हणालो, “तुमी भाजीचं बगा. धान्याचं आमी बगतो.” आणि त्याहूनही वाईट एक शब्द बोललो. तो त्यांच्या जातीवरून होता. तो मी इथं पुन्हा उच्चारणार नाही.

बाईंनी तराजूच्या पारड्यावर हात ठेवला. आवाज चढवला नाही. विचारलं, “दुकानदार, तुमच्या घरी आज कशाची भाकरी केली?”

माझ्या घरी ज्वारीची भाकरी होती. जुन्या ज्वारीची कणगी अर्धी भरलेली होती. मी गावाला मिलो वाटत होतो आणि घरी मिलो शिजत नव्हता. साठ माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती. मग मी माप खाली ठेवलं. समजून ठेवलं नाही, साहेब. लाजेनं ठेवलं.

पुढं काय झालं ते अर्ध्या गावानं पाहिलं, अर्ध्यानं ऐकलं. अकरा घरांची नावं मी आठवून सांगितली. बाई वरच्या आळीला गेल्या, मी खालच्या. दहा घरांत धान्य सापडलं. कुठं जात्याशी, कुठं परातीत पीठ होऊन. अकरावं घर दगडाबाईंचं. मी पोचलो तेव्हा बाई तिथं आधीच होत्या. दगडाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, तोंड कोरडं पडलेलं, आणि हवेतून दोरा ओढावा तशी बोटं चालत होती. मला बघून म्हणाल्या, “सासूबाई, गाय सुटली वं.” त्यांच्या सासूला जाऊन वीस वर्षं झाली होती.

बाईंनी मला एकच विचारलं, “यांची सून कुठाय?”

सून छबूबाई पाझर तलावाच्या कामावर गेली होती. फडक्यात त्याच मिलोच्या भाकरी बांधून. बाराच्या सुट्टीला साऱ्या बाया एकत्र बसून खातात, एकमेकींना घास देतात, हे आपल्याला माहीत आहे. तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते, आणि तलाव अडीच मैलांवर.

बाईंनी टँकरवाल्याला अडवून दगडाबाईंना श्रीगोंद्याच्या दवाखान्यात नेलं. मी सायकल काढली. तो रस्ता मी आयुष्यात विसरणार नाही. मुरमाचा चढ, डोक्यावर ऊन, चाकाखालून खडी उडतेय, आणि डोक्यात एकच हिशेब, सुट्टी झाली असेल का. तलावाच्या भरावावर पोचलो तर हत्यारं खाली पडली होती. बाया बाभळीखाली बसल्या होत्या. छबूबाईनं फडकं सोडलं होतं, भाकरीचा तुकडा मोडून शेजारणीला दिला होता आणि दुसरा स्वतःच्या तोंडाकडे नेत होती. मी सायकल तशीच टाकून धावलो. मी तिच्या हातातून भाकरी हिसकावली. शेजारणीच्याही हातातून ओढली आणि धुळीत टाकली.

दुष्काळात, दगड फोडणाऱ्या बाईच्या हातातली भाकरी एका धान्य दुकानदारानं हिसकावून घेतली. चिडलेल्या माणसांनी मला धरलं. दोनतीन तडाखे बसले, आणि ते योग्यच होते. छबूबाई रडत विचारत होती, “आता खाऊ काय मी? सांग की, खाऊ काय?”

दम आल्यावर मी धोतऱ्याचं सांगितलं, आणि धुळीतले तुकडे वेचून फडक्यात बांधले.

दगडाबाई दोन दिवस शुद्धीवर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाणी मागितलं. त्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. आक्का, तुम्हाला आठ दिवस नीट दिसत नव्हतं, हे मला माहीत आहे.

तालुक्याचे लोक आले, पोती सील करून गेले, दुकान पाच दिवस बंद राहिलं. त्या पाच दिवसांत गाव कशावर जगलं? चौदा वाफ्यांतल्या तांदुळज्यावर, माठावर, शेवग्याच्या पाल्यावर, रंगुबाईच्या भोपळ्यांवर. भाजीनं पोट भरत नाही, हे खरं आहे. ज्यांच्या घरी मूठभर पीठ होतं त्यांच्या पिठाला ती पुरवणीला आली, एवढंच. माझ्या पत्नीनं मला न विचारता कणगी उघडली. मला म्हणाली, “ही जवारी आता एकट्याच्या घशाखाली उतरंल का?” सहाव्या दिवशी नवीन मिलो आला. तो सरळ इथं, याच शाळेच्या ओसरीवर ओतला, आणि साऱ्या गावच्या बाया सुपं घेऊन निवडायला बसल्या. बाई मधोमध होत्या. त्या दिवशी कोणीही कोणाला उंबरा दाखवला नाही. गुरुजींनी तो दिवस पाहिला आहे.

आता राहिलेलं सांगतो, आणि हे जड आहे. गेल्या वर्षी जूनमध्ये याच जागी माझा सत्कार झाला. सावधगिरीनं वाटप थांबवून प्राण वाचवले, म्हणून प्रशस्तिपत्रक मिळालं. रांगेतल्या साठही जणांना ठाऊक होतं की वाटप मी थांबवलं नाही. तरी टाळ्या वाजल्या. तुम्ही गप्प का राहिलात? कारण पुढच्या आठवड्याचं धान्य माझ्याच मापातून यायचं होतं. ज्याच्या हाती घास, त्याच्यापुढं जीभ चालत नाही. हे मला तेव्हा कळत होतं, आणि मी हार घालून घेतला.

तो अहवाल बाईंनीच लिहिला होता. त्यात त्यांनी लिहिलं, दुकानदारांनी वाटप थांबवलं. मी नंतर त्यांना गाठून विचारलं, असं का लिहिलंत? त्या म्हणाल्या, “तुमचा परवाना गेला असता तर गावाला धान्यासाठी काष्टीला जावं लागलं असतं. बायांनी आणखी किती चालायचं?” माझ्यावर त्यांनी दया केली नव्हती. त्यांच्या हिशेबात मी नव्हतोच, बाया होत्या.

विस्तार अधिकारी साहेब, मी बी पाहून वाटप केलं, हे आज आपल्यासमोर बोललो आहे. परवान्याचं जे व्हायचं ते होऊ द्या. गावाची एकच विनंती वरपर्यंत पोचवा, दुकानदार बदलला तरी दुकान गावातच राहू द्या.

मनकर्णाबाई, देवळाली प्रवऱ्याकडे ऊस आहे, कालव्याचं पाणी आहे. तिथले लोक कदाचित विचारतील, वाफा कशाला? तुम्ही सांगालच. त्या दिवशी तुमच्याबद्दल मी जो शब्द बोललो, त्याची माफी मी साठ माणसांत मागायला हवी होती. आज अडीचशे माणसांत मागतो. ती द्यावी असा माझा हट्ट नाही.

अध्यक्षांनी वेळ दिला, मंडळानं बोलावलं, आपण शांतपणे ऐकलंत, सर्वांचा ऋणी आहे. बोलण्याच्या भरात शब्द मागंपुढं झाला असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर ती चूक पोटात घाला. मिलोच्या पोत्यापाशी जी केली, ती मात्र पोटात घालू नका. दुकानात याल तेव्हा मूठभर धान्य आधी हातावर घ्या, नीट पाहा, आणि मला विचारा.

नमस्कार.